भिवंडी : ऊर्जास्थित्यंतर

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहरात व तालुक्यात लाकूड, कोळसा आणि डिझेल यांच्याकडून तुलनेने स्वच्छ ऊर्जेकडे होत असलेले संक्रमण. ते अपुरे आणि विषम आहे. वीजवितरणात त्याची गती लक्षणीय होती, कारखान्यांच्या छपरांवर ती मंद आहे, बॉयलरपर्यंत तर ते जेमतेम पोहोचले आहे. विकसनशील देशांतील ऊर्जासुधारणांच्या अभ्यासात भिवंडीचा उल्लेख बहुधा वितरणाच्या संदर्भात येतो.

पार्श्वभूमी : उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग रुजवला, विसाव्या शतकात त्याची जागा यंत्रमागाने घेतली. मागांची संख्या सहा लाखांच्या आसपास सांगितली जात असे. मात्र अलीकडच्या मंदीत अनेक माग भंगारात गेल्याने हा आकडा सावधपणे घ्यावा लागतो. धंद्याची घडण ऊर्जेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचे आणि शेड पुष्कळदा तिसऱ्याचीच, अशी विभागणी असते. कारखानदार मजुरीवर कापड विणून देतो आणि विजेचे बिल त्या मजुरीतून भरतो. साध्या मागाला सुमारे एक अश्वशक्तीची मोटर लागते. जळालेली मोटर पुन्हा गुंडाळून वापरण्याची रीत सार्वत्रिक आहे. अशा दुरुस्तीत मोटरची कार्यक्षमता सहसा घटते.

वीजपुरवठा : भिवंडीची वीज मुख्यतः राज्याच्या जाळ्यातून येते आणि त्या जाळ्याचा मोठा भार कोळशावर आहे. तालुक्यातील पडघे हे या जाळ्यातील मोक्याचे ठिकाण. चंद्रपूरहून निघालेली ७५२ किमी. लांबीची, ±५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश विद्युतवाहिनी येथे संपते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॉट आहे. विदर्भातील औष्णिक वीज मुंबई परिसरात आणणे हा तिचा हेतू. म्हणजे धूर चंद्रपुरात आणि माग भिवंडीत, अशी ही विभागणी आहे. केवळ शहरातील हवा मोजून येथील ऊर्जावापराचा हिशेब पुरा होत नाही.

वितरणातील बदल : विद्युत अधिनियम, २००३ ने परवानाधारक कंपनीला आपल्या क्षेत्रातील वितरण दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा दिली. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण ही वितरण कंपनी स्थापन झाली. त्या वेळी भिवंडी मंडलातील एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी सुमारे ५८ टक्के होती : दिलेल्या दर शंभर युनिटांपैकी जेमतेम बेचाळीस युनिटांचे पैसे हाती येत. रोहित्रे जळणे नित्याचे होते आणि भारनियमन तासन्‌तास चाले. ज्यांना परवडे ते डिझेल जनित्र ठेवत. बाकीच्यांचे माग थांबत.

महावितरणने निविदा काढून टोरंट पॉवर या कंपनीला फ्रँचायझी नेमले. २६ जानेवारी २००७ रोजी तिने काम हाती घेतले. हा करार दहा वर्षांचा होता व २०१७ मध्ये त्याला आणखी दहा वर्षांची मुदत मिळाली. देशातील या पद्धतीचा हा पहिला मोठा प्रयोग मानला जातो. कराराची कळ अशी : कंपनी महावितरणकडून क्षेत्राच्या वेशीवर, निविदेत ठरलेल्या दराने वीज घेते आणि राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दरानेच ग्राहकाला देते. ग्राहक कायद्याने महावितरणचेच राहतात. वाटेत गळणारे प्रत्येक युनिट कंपनीच्या खिशातून जात असल्याने गळती थांबवण्याची निकड तिलाच भासते. रोहित्रे व वाहिन्या बदलण्यात आल्या, मीटर नव्याने बसवण्यात आले आणि काही वर्षांतच हानी २० टक्क्यांच्या आत आली.

या घटीचा अर्थ लावताना एक भेद पाळावा लागतो. तारा व रोहित्रांतील तांत्रिक हानी कमी झाली की तेवढी वीज निर्माण करण्याची गरज खरोखरच टळते. चोरीची वीज मात्र बिलात आली तरी वापरली जातेच. अर्थात पैसे मोजावे लागले की वापराला आपोआप लगाम बसतो. त्यामुळे ५८ वरून २० पर्यंतची सगळी घट वाचलेल्या कोळशाच्या खात्यावर मांडणे योग्य नाही. तरीही त्यातील तांत्रिक भाग हे येथील ऊर्जास्थित्यंतराचे सर्वांत भरीव फळ आहे. स्वच्छ ऊर्जेच्या कार्यक्रमपत्रिकांत मात्र त्याला क्वचितच स्थान मिळते.

बिले, मीटरचा वेग आणि वीजचोरीच्या कारवाया यांवरून तक्रारी व मोर्चे झाले असून या प्रश्नावर मतभेद कायम आहेत. भिवंडीच्या धर्तीवर नागपूर, औरंगाबाद व जळगाव येथे नेमलेल्या फ्रँचायझी मुदतीआधीच संपुष्टात आल्या.

सौरऊर्जा : केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाची पॉवरटेक्स इंडिया योजना १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतूनच जाहीर झाली. तीत लहान यंत्रमागधारकांना सौरसंच बसवण्यासाठी सर्वसाधारण गटात ५० टक्के, अनुसूचित जातींना ७५ टक्के आणि अनुसूचित जमातींना ९० टक्के अनुदानाची तरतूद होती. त्याच वर्षीच्या ‘साथी’ योजनेत कार्यक्षम माग व मोटरी हप्त्यांवर देण्याचे ठरले.

अडचण गणिताची आहे. चोवीस साध्या मागांचा कारखाना धरला, तर जोडभार सुमारे १८ किलोवॉट होतो. माग दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालतात. पूर्ण भार धरल्यास दिवसाला ४३० युनिटे लागतील. महाराष्ट्रात १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे देतो आणि सुमारे शंभर चौरस फूट जागा घेतो. म्हणजे शंभराहून अधिक किलोवॉट आणि दहा हजार चौरस फुटांहून अधिक छप्पर हवे. प्रत्यक्ष भार कमी असतो हे लक्षात घेऊनही चोवीस मागांच्या शेडला एवढे छप्पर नसते. असते तेही पुष्कळदा जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे, माणूस चढला तरी तडकणारे. शेड भाड्याची असली तर मालकाला बिलाची फिकीर नसते आणि भाडेकरूला पंचवीस वर्षांच्या गुंतवणुकीची हिंमत होत नाही. त्यात भर म्हणजे यंत्रमागांना राज्य शासनाकडून वीजदरात सवलत मिळते. तिच्यासाठी २७ अश्वशक्तीची रेषा आखलेली असून चोवीस मागांचा कारखाना तिच्या आत बसतो. सवलतीने धंदा तगला. सौरसंचाची किंमत वसूल होण्याचा काळ मात्र तिने लांबवला.

छपरांची वानवा कारखान्यांत आहे, तालुक्यात नाही. मुंबई-नाशिक महामार्गालगत आणि माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांत गोदामांचा विस्तीर्ण पट्टा उभा राहिला आहे. त्यांची पत्र्याची छपरे सौरपट्ट्यांसाठी सोयीची आहेत, पण गोदामाची स्वतःची विजेची गरज किरकोळ असते आणि संचाची क्षमता मंजूर भाराशी बांधलेली असते. अनेक बांधकामांच्या परवानग्या वादात आहेत हा आणखी एक अडसर. थोडक्यात, जेथे भार आहे तेथे छप्पर नाही आणि जेथे छप्पर आहे तेथे भार नाही. शेजारच्या गोदामावरची वीज मागांच्या खात्यात वळती करण्याची व्यवस्था झाल्याशिवाय हे कोडे सुटणे कठीण दिसते.

घरगुती छतांसाठी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते.

औष्णिक इंधन : ताण्याच्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये व डाईंगमध्ये वाफ लागते. त्यासाठी बॉयलरांत लाकूड व कोळसा जाळतात. चिंध्या व प्लॅस्टिक जाळल्याच्याही तक्रारी होतात. नियंत्रण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. नैसर्गिक वायू हा येथील व्यवहार्य पर्याय असला, तरी लाकडाशी तो किमतीत टिकत नाही.

ग्रामीण भाग : आदिवासी पाड्यांवर गॅसची जोडणी पोहोचली तरी चूल पूर्णपणे गेलेली नाही.

भूऔष्णिक स्रोत : तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. त्यांचा उपयोग स्नानापुरता आहे. वीजनिर्मिती होत नाही.