पाळण्याशेजारचा आवाज

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. गाव कॅरी, राज्य नॉर्थ कॅरोलायना. (आमचे हे अजूनही त्या गावाला कैरीच म्हणतात.) पोचल्याच्या पहिल्याच रात्री झोपेचं खोबरं झालेलं. दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर कुठेतरी नळ चालू राहिल्यासारखा आवाज. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात आयुष्य काढलेल्या बाईला वाहता नळ कसा सहन होणार? बाथरूम पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, सगळं कोरडं. शेवटी आवाजाचा माग काढत बाळाच्या खोलीत शिरले. पाळण्याच्या कठड्याला लागून, बाळाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, एक पांढरा गोल डबा ठेवलेला होता आणि तो एकसारखा शूऽऽऽऽ करत होता. मी तो बंद केला. मिनिटभरात बाळाने भोकाड पसरलं आणि लेक डोळे चोळत आली.

"आई, नळ नाही गं तो! व्हाईट नॉइज आहे."

सकाळी चहा घेताना मी विषय काढला. म्हटलं, "अगं, मी आले आहे ना? मी म्हणते अंगाई. डबा कशाला?" लेक काही बोलली नाही. जावयांनी हळूच सांगितलं, की तिची रजा संपायला सहा आठवडे उरलेत. तिथल्या १९९३ सालच्या कायद्याने नोकरी शाबूत ठेवून बारा आठवड्यांची रजा मिळते, आणि तीही बिनपगारी. त्यानंतर तिला सकाळी साडेसातला घर सोडायचं आहे, आणि माझं परतीचं तिकीट तर आधीच काढलेलं. "तुम्ही गेल्यावर अंगाई कोण म्हणणार, आई?" यावर मी काय बोलणार!

पण मनातून ते जाईना. इतिहास शिकवण्यात ३२ वर्षं गेली. एखादी वस्तू कुठून आली हे कळल्याशिवाय तिच्याशी नीट भांडतासुद्धा येत नाही मला. दुपारी बाळ झोपलं की जावयांच्या जुन्या लॅपटॉपवर वाचत बसायचे.

पहिली गंमत म्हणजे हा डबा मुळात बाळांसाठी केलेलाच नव्हता. १९६२ साली जिम बकवॉल्टर नावाचा एक फिरता विक्रेता बायकोबरोबर एका मोटेलात उतरला होता. खोलीतला एसी बिघडलेला, आणि त्याची घरघर नसल्यामुळे बाईंना झोप येईना, अशी गोष्ट सांगतात. घरी आल्यावर त्याने कुत्र्याच्या खाण्याचं भांडं उपडं करून त्यात छोटा पंखा आणि मोटार बसवली आणि बायकोच्या उशाशी ठेवली. तेच पुढे 'स्लीप-मेट' नावाने विकायला आलं. त्याची कंपनी पुढे कितीतरी वर्षं विल्मिंग्टनच्या परिसरात होती, म्हणजे लेकीच्या घरापासून मोटारीने दोन-सव्वादोन तासांवर. एका रविवारी तिथल्या समुद्रावर आम्ही गेलो होतो, आणि मला पत्ताही नव्हता!

समुद्रावरून आठवलं. १९६९ मध्ये अर्व्ह टायबेल नावाच्या माणसाने समुद्राच्या लाटांची एक तबकडी काढली. नुसत्या लाटा, गाणं नाही, वाद्य नाही. ध्वनिमुद्रण मनासारखं होईना म्हणून लाटांचा आवाज त्याने त्या काळच्या खोलीएवढ्या आयबीएम संगणकातून काढून घेतला. तीही मोठ्या माणसांसाठीच. शहरी माणसाची झोप उडाली होती आणि तिच्यावर औषध म्हणून आवाज विकला जात होता. बाळं त्यात नंतर आली.

आता हा 'पांढरा' आवाज म्हणजे काय? पांढऱ्या प्रकाशात जसे सगळे रंग असतात तसे या आवाजात खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर सारख्या जोराने असतात, म्हणून पांढरा. गेल्या शतकाच्या पहिल्या तिशीत रेडिओच्या काचेच्या नळ्यांमधली खरखर का जात नाही, याचा शोध शॉट्की, जॉन्सन अशी मंडळी घेत होती. या रंगीत आवाजांचं शास्त्र बरंचसं तिथून निघालं. वरच्या पट्टीचे स्वर हळूहळू मंद करत नेले की 'गुलाबी' आवाज होतो, तो पावसासारखा. आणखी मंद केले की 'ब्राऊन', तो लांबून ऐकू येणाऱ्या धबधब्यासारखा. मला वाटलं होतं ब्राऊन म्हणजे तपकिरी. छे! ते आडनाव आहे. १८२७ मध्ये पाण्यातल्या परागकणांमधल्या सूक्ष्म कणांची वेडीवाकडी हालचाल सूक्ष्मदर्शकातून पाहणारा रॉबर्ट ब्राऊन, त्याच्यावरून ते नाव पडलं. लेकीच्या डब्यावर मात्र त्या बटणाला चॉकलेटी रंग दिला होता. असो.

मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते ली साल्कच्या कामाने. पोलिओची लस काढणाऱ्या जोनास साल्कचा हा धाकटा भाऊ, मानसशास्त्रज्ञ. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एक माकडीण पिल्लाला नेहमी डाव्या बाजूला धरते, असं त्याच्या लक्षात आलं. त्याने मोजलं, ४२ वेळांपैकी ४० वेळा डावीकडे. मग तो बाळंतिणी पाहायला लागला. उजव्या हाताने काम करणाऱ्या बायकांपैकी ८३ टक्के आणि डावखुऱ्यांपैकीही ७८ टक्के बाळाला डावीकडेच घेत होत्या. (हे वाचताना मी रिकामे हात नकळत डावीकडे नेऊन पाहिले. तुम्हीही पाहणार, मला ठाऊक आहे.) डावीकडे काळीज. म्हणजे बाळाला पोटात असल्यापासून ओळखीची असलेली धडधड ऐकवायची ही निसर्गाची योजना असणार, असं त्याला वाटलं.

मग त्याने एका इस्पितळात नवजात बाळांच्या खोलीत मिनिटाला ७२ ठोक्यांची धडधड रात्रंदिवस वाजवली. ती ऐकणारी १०२ बाळं, आणि न ऐकणारी ११२. दूध दोघांनी सारखंच घेतलं, पण धडधड ऐकणाऱ्यांपैकी ७० टक्के बाळांचं वजन वाढलं आणि न ऐकणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांचंच. रडणंही बरंच कमी झालं. १९६० साली हे छापून आलं आणि आईच्या काळजाची ही गोष्ट सगळ्यांना इतकी आवडली की पुढे धडधडणारी खेळणी आणि बाहुल्या निघाल्या. १९७४ मध्ये जपानच्या डॉक्टर मुरोओकांनी तर गर्भाशयातले आवाज टिपून त्यांची तबकडी काढली.

मलाही ती गोष्ट आवडली. आणि मग १९६६ सालचं दुसरं काम वाचनात आलं. इव्हॉन ब्रॅकबिल आणि तिच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांना तीन आवाज ऐकवले: काळजाची धडधड, तालयंत्राची टिकटिक आणि परक्या भाषेतल्या अंगाया. तिन्हींनी बाळं शांत झाली, आणि तिन्हींनी सारखीच! शांतता ठेवली तेव्हा मात्र जास्त रडली. म्हणजे आईच्या काळजात खास काही नव्हतं, एकसारखा आवाज चालू असला की झालं. आणि अंगाई? ती टिकटिकीच्या रांगेत.

खोटं कशाला बोलू, मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

त्यात १९९० साली लंडनच्या क्वीन शार्लट इस्पितळातल्या डॉक्टरांनी ४० नवजात बाळांवर करून पाहिलेला प्रयोगही होता. पांढरा आवाज ऐकवलेल्या २० पैकी १६ बाळं पाच मिनिटांत झोपली. नुसती ठेवलेल्या २० पैकी फक्त ५. लेकीचा डबा जिंकला होता.

पण हे सगळं मला वाचायची गरजच काय होती? मी इचलकरंजीची. आमच्या आळीत दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने. पाळी बदलायची, माग थांबायचे नाहीत. धोट्याची ती खटाखट रात्रभर भिंतीतून यायची आणि आम्ही पाच भावंडं त्यात गाढ झोपायचो. लाईट गेली की मात्र एकदम सगळे माग बंद पडायचे, आणि ती शांतता कानावर आदळल्यासारखी होऊन आळीतली झाडून सगळी तान्ही पोरं एका सुरात रडायला लागायची! आई म्हणायची, "माग निजले, पोरं उठली." बकवॉल्टरबाईंचं मोटेलात जे झालं तेच आमच्या आळीत महिन्यातून चारदा व्हायचं. फक्त आमच्याकडे कुणी ते भांड्यात घालून विकलं नाही.

आमचे अण्णा त्या मागांवर होते, तीस वर्षं. पन्नाशीला आले तेव्हा त्यांना समोर बसून मोठ्याने बोललेलंच काय ते कळायचं. पुढे तेही नाही. माझी लेक बोलायला लागली तेव्हा ती त्यांच्या मांडीवर बसून काय काय सांगत राहायची आणि अण्णा नुसते मान हलवायचे. एकदा ती मला म्हणाली, "आई, आजोबा हो हो म्हणतात पण त्यांना कळत नाही." त्याच मांडीवरच्या पोरीच्या घरी मी तो डबा पाहत होते. पहिल्या रात्री मी तो का बंद केला, हे मला आठवडाभराने कळलं.

मग शोधलं ते जोराबद्दल. २०१४ साली टोरांटोच्या संशोधकांनी बाळांसाठी विकली जाणारी १४ मशिनं पूर्ण आवाजावर लावून मोजली. इस्पितळात तान्ह्या बाळांच्या खोलीसाठी ५० डेसिबलची मर्यादा सांगितलेली आहे. ३० सेंटिमीटरवर, म्हणजे पाळण्याच्या कठड्याइतक्या अंतरावर, चौदाच्या चौदा मशिनं त्याच्या पलीकडे गेली. तीन तर ८५ च्याही वर. ८५ म्हणजे कामगाराने आठ तासांहून जास्त ऐकू नये असा जो आवाज अमेरिकेत ठरवला आहे तो. आणि डेसिबलचा हिशेब साधा नसतो, दहाने वाढला की ध्वनीची शक्ती दहापट होते. गंमत पाहा, साल्कने आपली ती प्रेमळ धडधडही ८५ डेसिबलवरच वाजवली होती! धडधडीसारखा खर्जातला आवाज कानाला तेवढा बोचत नाही हे खरं, तरी मी वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

या मशिनांनी कुठल्या बाळाचे कान गेले असं त्या लोकांनी म्हटलेलं नाही. त्यांनी मशिनं मोजली, कान नाहीत. २००३ साली कॅलिफोर्नियात उंदरांची पिल्लं सतत गोंगाटात वाढवली तेव्हा त्यांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग उशिरा तयार झाला, गोंगाट काढल्यावर पुढे झाला. पण ती उंदरं, आणि त्यांना अहोरात्र गोंगाट. टोरांटोच्या मंडळींचा सल्ला साधाच होता: मशीन पाळण्यात किंवा पाळण्याला लावून नको, जमेल तितकं लांब ठेवा, आवाज बारीक ठेवा, आणि थोडाच वेळ लावा.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. आमच्या घरात अण्णांचं नाव निघालं की सगळे हळू बोलतात, तसं झालं. जावयांनी फोनवर डेसिबल मोजायचं काहीतरी उतरवून घेतलं आणि फोन बाळाच्या उशीपाशी धरला. आकडा ६८. फोनवरचं मोजमाप काही प्रयोगशाळेतलं नव्हे, पण लेकीने तो आकडा पाहिला आणि एक शब्द न बोलता डबा उचलला. आधी टेबलावर ठेवला, मग खिडकीत, शेवटी दाराजवळच्या उंच कपाटावर. आवाजही उतरवला. आता फोन ४६ दाखवत होता. बाळ झोपलेलंच होतं.

"आणि झोप लागली की बंद करायचं," मी म्हटलं.

"आई, बंद केलं की उठतो तो. तूच केलं होतंस ना पहिल्या रात्री?"

खरं होतं ते. माग निजले, पोरं उठली. मग एकदम बंद न करता आवाज हळूहळू कमी करत न्यायचा असं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं. रोज रात्री स्टुलावर चढून मी ते बटण थोडं थोडं फिरवायचे. खाली उतरून बाळाच्या छातीवर हात ठेवून बसायचे आणि अंगाई म्हणायचे. टिकटिकीच्या रांगेतली असेना का! ६८ डेसिबल काही माझ्या घशातून निघत नाहीत, आणि दहा-बारा मिनिटांत घसा आपोआप दमतो.

मी परत आले त्याला आता चार महिने झाले. डबा कपाटावरच आहे, रात्री पहिला अर्धा तास लावतात. मागच्या रविवारी व्हिडिओवर मोठी नात स्टुलावर चढून मला दाखवत होती, की आजी, बटण असं फिरवायचं. लेक मागून ओरडली, "पडशील, उतर खाली!" आणि बाळ उठलं.