पाच वेळा शिफ्ट

मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठी टायपिंग शिकणाऱ्या मुलीला ‘ण’ हवा असतो. इनस्क्रिप्ट मांडणीत तो ‘सी’च्या बटणावर असतो, शिफ्टसह. उजव्या करंगळीने शिफ्ट धरायची, डाव्या हाताने अक्षर शोधायचं. शोधाशोधीत आठ सेकंद गेले, की विंडोजवर एक चौकट उघडते. घाईत ‘हो’ दाबलं, की त्यानंतर पटकन दाबून सोडलेलं बटण उमटतच नाही.

कीबोर्ड बिघडला, असं सगळे म्हणतात. बिघडलेलं काहीच नसतं. ‘फिल्टर कीज’ चालू झालेली असते. थरथरत्या हाताचे चुकार स्पर्श मोजले जाऊ नयेत, म्हणून केलेली ही सोय. शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबल्यावर पुढे येणारी ‘स्टिकी कीज’ही त्याच कुळातली.

या कुळाची गोष्ट टाइपरायटरपासून सुरू होते. १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ यंत्रावर शिफ्ट आली आणि एकाच बटणावर दोन अक्षरं बसली. दोन्ही हात चालणाऱ्यांची सोय झाली. एका बोटाने, किंवा तोंडात धरलेल्या काडीने लिहिणाऱ्याला मात्र दोन बटणं एकदम दाबता येईनात. संगणकाने त्यात कंट्रोल आणि ऑल्टची भर घातली.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ट्रेस केंद्रात ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर काम केलं. उपाय साधा होता: शिफ्ट दाबून सोडायची, पुढचं बटण येईपर्यंत ती संगणकाने धरून ठेवायची. हीच स्टिकी कीज. १९८० च्या दशकात ही सोय मॅकिंटॉशवर आली. विंडोज ९५ पासून ती विंडोजमध्येच असते.

मग ती चुकून इतकी का लागते? कारण ज्याला तिची गरज आहे, त्याला ती एकाच बोटाने, कुणाला हाक न मारता चालू करता आली पाहिजे. मेन्यूच्या आत दडवली असती तर ती असून नसल्यासारखीच. हा विचार फार मोलाचा आहे. इतरांना होणारा त्रास त्यापुढे किरकोळ.

स्टिकी कीज लागली असेल तर शिफ्ट आणि दुसरं एखादं बटण एकदम दाबलं, की ती सहसा बंद होते. फिल्टर कीजसाठी उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरायची. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड या वाटेने गेलं, की दोन्हींचे शॉर्टकटही काढता येतात. घरच्या संगणकावर ते खुशाल काढावेत. ग्रंथालयात किंवा टायपिंगच्या वर्गात, जिथे एकाच खुर्चीवर दिवसभर वेगवेगळी माणसं बसतात, तिथे ते राहू द्यावेत आणि चौकट आली की ‘नाही’ दाबावं.