मित्र मॉरिसन आणि त्याची रुंद टोपी

एखाद्या गांवाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे आपण दप्तरें चाळतों, खरेदीखतें पाहतों, जन्ममृत्यूच्या नोंदी तपासतों. त्या गांवचे लोक कोणाला पाहून हंसत असत, हें मात्र कोणत्याहि दप्तरांत लिहिलेलें नसतें. तें कळावयास विनोदी कविताच हाताशीं घ्यावी लागते. अशाच एका कवितेची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. कविता अमेरिकेंतील आहे. कवि जॉन ग्रीनलीफ व्हिटियर. आणि तिचा नायक एब्राम मॉरिसन नांवाचा एक खेडवळ क्वेकर.

क्वेकर हे नांवच मुळीं थट्टेंतून निघालें. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स यानें हा पंथ स्थापिला. देवाच्या वचनापुढें थरथर कांपा, असें त्यानें १६५० सालीं डर्बी येथील न्यायाधीशास बजावलें, तेव्हां न्यायाधीशानें उलट या मंडळींनाच ‘कांपरे’ ठरविलें. पंथाचे लोक स्वतःस ‘मित्र’ म्हणवीत. त्या काळच्या इंग्रजींत वडीलधाऱ्यांस व श्रेष्ठांस अहोजाहो करण्याची रीत होती. क्वेकर राजापासून मोतद्दारापर्यंत सर्वांस अरेतुरेच करीत. वारांचीं नांवें मूर्तिपूजकांच्या देवांवरून पडलीं म्हणून रविवारास ते ‘पहिला दिवस’ म्हणत. देवाच्या प्रार्थनेवांचून डोक्यावरची टोपी ते कोणापुढेंहि काढीत नसत.

या टोपीनें मोठा अनर्थ केला. १६७० सालीं लंडनच्या न्यायालयांत विल्यम पेन यास उभें केलें, तेव्हां शिपायानें त्याची टोपी दारांतच काढून घेतली होती. न्यायासनावरून हुकूम झाला कीं ती पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवा. आणि ती ठेवल्यावर, न्यायालयापुढें टोपी काढली नाहीं, या अपराधाबद्दल त्यास दंड झाला! हा प्रसंग ऐकून आज आपल्यास हंसूं येतें. परंतु हंसूं न यावें असेंहि पुष्कळ घडलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ ते १६६१ या काळांत चार क्वेकरांस बोस्टन येथें फांशीं दिलें. त्यांत मेरी डायर नांवाची एक स्त्री होती. तिचा पुतळा त्याच नगरींत, राज्याच्या विधिमंडळासमोर, १९५९ सालीं उभारला गेला.

त्याच मॅसॅच्युसेट्समध्यें हेवरिल गांवाजवळच्या एका शेतावर, क्वेकर कुटुंबांत, १८०७ सालीं व्हिटियरचा जन्म झाला. त्याची ऐन उमेद गुलामगिरीविरुद्ध लढण्यांत गेली. १८३८ सालीं फिलाडेल्फियांत जमावानें जी इमारत जाळली, तींतच त्याच्या पत्राची कचेरी होती. अशा माणसाकडून विनोदाची अपेक्षा कोण करील? पण त्याच्या लहानपणाचीच एक गोष्ट ऐका. १८१७ सालीं अध्यक्ष मन्रो हेवरिलला आले, आणि त्याच दिवशीं गांवांत जनावरांचा खेळहि आला. क्वेकराच्या मुलानें असले तमाशे पाहूं नयेत, म्हणून त्यास घरींच ठेवलें. दुसऱ्या दिवशीं तो नऊ वर्षांचा मुलगा अध्यक्षांचीं पावलें तरी पाहूं या म्हणून गांवांत गेला. रस्त्यांत हत्तीचीं पावलें उमटलीं होतीं. एवढा मोठा माणूस, तेव्हां पाऊलहि एवढेंच असणार, असें मानून तो त्या खुणांमागून दिसेनाशा होईपर्यंत चालत राहिला!

सत्तरी उलटल्यावर व्हिटियरनें एब्राम मॉरिसनवर कविता रचली. पाउवाउ नदीकांठचें एम्सबरी हें तिचें स्थळ. तेथें सारे क्वेकर मोजकें बोलणारे, जपून पाऊल टाकणारे. त्यांत हा मॉरिसन येऊन पडला. पूर्वज स्कॉटलंडकडील बेटांवरचे, बोलण्याची ढब आयरिश, आणि स्वतः एके काळीं शिपाई. शस्त्र वर्ज्य मानणाऱ्या पंथांत येऊनहि लाल डगलेवाले इंग्रज कसे पळाले हें आठवलें कीं तो मोठ्यानें हंसे. त्यानें आपल्या आवडत्या डुकरास जेवावयास नेण्याआणण्यासाठीं चाकांची सोय केली होती. कोणीं विचारलें तर सांगे कीं यांत डुकराचीहि सोय आणि माझीहि! मुलांना तो पऱ्यांच्या व चेटकिणींच्या गोष्टी सांगे. आपल्या नदीवर कविताहि करी.

क्वेकरांच्या प्रार्थनासभेंत पुरोहित नसतो. सारे निःशब्द बसतात. ज्यास अंतरांतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो. मॉरिसन उठे, वडीलमंडळींच्या बांकावरून पुढें वांके, आणि तरुणांस कळवळून विनवी कीं हत्ती, शिकविलेलीं डुकरें आणि अध्यक्ष यांच्या मागें धांवूं नका. ज्या पोरानें हत्तीच्या पावलांत अध्यक्ष शोधला, त्यास हें ऐकून हंसूं आवरणें किती कठीण गेलें असेल!

कवितेचें मर्म येथूनच पुढें आहे. त्या अर्धवट दाबलेल्या हंसण्याबद्दल वृद्ध कवि देवाची क्षमा मागतो. सत्य साध्या शब्दांतहि बोलतें, आणि वेडगळ वेषानें माणूस उणा ठरत नाहीं, हा धडा आपणांस मॉरिसननेंच दिला, असें तो म्हणतो. आतां आम्ही कदाचित् शहाणे झालों. पण सगळे एका सांच्याचे झालों, याची खंतहि त्यास आहे.

ज्या प्रांतानें क्वेकरांस फांशीं दिलें, त्याच प्रांतांत सव्वादोनशें वर्षांनीं क्वेकराची रुंद टोपी मायेच्या हंसण्याचा विषय झाली. असें हंसूं अर्ध्या सलोख्यासारखेंच असतें. उरलेला अर्धा सलोखा हंसणाऱ्यानें स्वतः करावयाचा असतो, आणि व्हिटियरनें तो केला. मॉरिसननें नदीवर रचलेल्या कवितांची एकहि ओळ आज उरली नाहीं. त्याचें चाकांवरचें डुक्कर मात्र टिकलें. श्रोतेहो, आपल्याहि आजोळच्या गांवीं असा कोणी मॉरिसन होऊन गेला असेल. त्याला आपण लहानपणीं हंसलों असूं, तर त्याची हकीकत निदान आपल्या मुलांना सांगून ठेवावी.