कुस्तीवाले फौजदार

३. कुस्तीवाले फौजदार : केमच्या तालमीतल्या गप्पांत लेखक नाव घेत नाहीत, पण रोख खाशाबा दादासाहेब जाधवांकडे (१९२६–१९८४) आहे. गाव कऱ्हाडजवळचे गोळेश्वर. हळद-ताक मुरवलेल्या लाल मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२च्या हेलसिंकीवारीसाठी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे बँटमवेट गटात कांस्यपदक. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. एक कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हसमोर उभे केले गेले. नियमाने मिळायची अर्ध्या तासाची विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक, म्हणजे बोलीतले फौजदार, झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. लेखकाने ‘ऑलिम्पिकचे सोने’ म्हटले आहे, ते कौतुकाच्या भरात. मूळ मजकूर बदललेला नाही.