निंबाळचं ग्रंथवाचन : गुरुदेव रानडे आणि ध्यानात दिसणारे काजवे

सोलापूरहून विजापूरकडे जाताना निंबाळ नावाचं लहानसं स्टेशन लागतं. जवळच गुरुदेव रा. द. रानडे यांचा आश्रम आहे. जन्म जमखंडीचा, ३ जुलै १८८६. पुणे, सांगली आणि मग अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापकी केली, आणि ६ जून १९५७ ला देह ठेवला तो निंबाळलाच. आपल्या सीमाभागात त्यांची तसबीर पुष्कळ घरांत असते. पण हा माणूस ग्रंथ कसा वाचायचा, हे फारसं कुणी सांगत नाही.

१९०१ साली, शाळकरी वयात, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळालं. इंचगेरी संप्रदायात दासबोधाचं वाचन रोजच्या नेमातलं. त्यामुळे पोथी आणि ध्यान त्यांच्याकडे जोडीनेच आलं. पोथीत लिहिलंय ते खरंच अनुभवाला येतं का, की नुसती कल्पना? हा प्रश्न त्यांनी पुढे प्राध्यापक झाल्यावरही सोडला नाही.

उपनिषदांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली पुण्यात निघाला. त्याचं शेवटचं प्रकरण जरूर वाचा. श्वेताश्वतर उपनिषदात योग्याला आधी काय काय दिसतं त्याची यादी आहे : धुकं, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवे, वीज, स्फटिक, चंद्र. बृहदारण्यकात केशरी वस्त्र, तांबडा इंद्रगोप किडा, पांढरं कमळ. एखाद्याने हे कवीचे अलंकार म्हणून सोडून दिलं असतं. रानड्यांनी ते साधकाच्या रोजनिशीसारखं वाचलं.

म्हणून सगळंच डोळे मिटून मान्य केलं असंही नाही. कान झाकले की आत घुमणारा आवाज येतो, तो उपनिषदांनी आतल्या अग्नीचा मानलाय. बृहदारण्यक तर त्याचा संबंध अन्नपचनाशी लावतं. (लहानपणी आपण सगळ्यांनीच हा खेळ केलाय.) इथे रानडे अडतात. खरा अनाहत नाद कान उघडे असतानाही ऐकू यायला हवा, अगदी बहिऱ्यालासुद्धा, असं त्यांचं म्हणणं. श्रुतीला नमस्कार करणाऱ्या माणसाने श्रुतीचीच अशी उलटतपासणी करावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

मराठी संतांकडेही ते याच नजरेने वळले. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांच्या वचनांचे विषयवार संग्रह, म्हणजे त्यांची 'वचनामृतं', त्यांनी तयार केले आणि त्यांच्या आधारावर १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांच्या अनुभवावरचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. अनुभवाच्या ओव्या एकत्र आल्याने अभ्यासकाची मोठीच सोय झाली. माझी तक्रार एवढीच, की निवडून काढलेल्या ओवीभोवतीचा कृष्णार्जुनांचा संवाद सुटतो, आणि ज्ञानेश्वरीची निम्मी गोडी त्या बोलण्यातच आहे. 'ज्ञानेश्वर वचनामृत' वाचायला घेतलंत तर शेजारी मूळ पोथी उघडी असू द्या.