मोजणीतून निसटलेली डोकी

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचे. या आदळआपटीत मेंदू कवटीच्या आत हादरतो. डॉक्टर त्याला ‘कन्कशन’ म्हणतात. खेळाडूंच्या बोलीत मात्र ‘डोक्यात घंटा वाजली’ असे हसत म्हणायची रीत होती. मी कवी, त्यामुळे शब्दांकडे माझे लक्ष आधी जाते. दुखापतीला गमतीचे नाव पडले, की ती दप्तरात सहसा चढत नाही.

‘एनएफएल’ ही तिथली व्यावसायिक लीग. तिने १९९४ साली या दुखापतींच्या अभ्यासासाठी समिती नेमली. समितीच्या नावातच ‘सौम्य’ असा शब्द होता. अध्यक्ष डॉ. इलियट पेलमन हे मेंदूचे नव्हे, संधिवाताचे तज्ज्ञ. संघांच्या डॉक्टरांनी १९९६ ते २००१ या सहा हंगामांत भरून दिलेल्या अर्जांवरून ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात २००३ पासून निबंधांची मालिका प्रसिद्ध झाली. काळजीचे फारसे कारण नाही, असा तिचा एकूण सूर होता.

या आकड्यांची शहानिशा झाली ती मार्च २०१६ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी समितीची माहिती लीगच्याच जाहीर जखमी-याद्यांशी ताडून पाहिली. निदान झालेली शंभरहून अधिक कन्कशन अभ्यासात नव्हतीच! डॅलस काउबॉइज या संघाच्या नावावर सहा हंगामांत एकही नोंद नव्हती. त्या संघाच्या ट्रॉय एकमनची चार कन्कशन मात्र जाहीर याद्यांत होती. स्टीव्ह यंगच्या दुखापतीही गळाल्या होत्या. १९९९ साली तो मैदानावर बेशुद्ध पडला, तो सामना देशभर दूरचित्रवाणीवर दिसत होता. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ते असे.

लीगचे म्हणणे असे, की अर्ज भरणे संघांवर बंधनकारक नव्हते आणि लपवण्याचा हेतूही नव्हता. पण एका निबंधात तर अर्ज भरण्याचा आदेश होता, असे छापले होते. हेतूचा वाद बाजूला ठेवला, तरी अपुऱ्या नोंदींवरून काढलेले प्रमाण खऱ्यापेक्षा कमीच दिसणार.

मग जाहीर याद्यांवर विसंबावे का? त्यांचा जन्म अभ्यासासाठी झालेला नाही. सट्टेबाजांना आतली बातमी मिळू नये, म्हणून कोण खेळणार आणि कोण नाही हे सर्वांना सांगण्याची ही पद्धत. त्यामुळे हंगामातल्या शेवटच्या सामन्यात जखमी झालेला खेळाडू यादीत येण्याचे कारणच उरत नाही. पुष्कळदा दुखापतीपुढे नुसते ‘डोके’ एवढेच लिहिलेले असे. शिवाय यादीत येण्याआधी दुखापत कुणीतरी ओळखावी लागते. चक्कर आली असे सांगितले तर जागा जाईल, ही धास्ती खेळाडूला. मोहरा बाहेर बसेल, ही धास्ती संघाला. अशी अळीमिळी गुपचिळी कुठल्या तक्त्यात मोजणार?

पुढे मैदानाच्या कडेला संघाशी संबंध नसलेले मेंदुतज्ज्ञ उभे राहू लागले. लीगच्या आकड्यांप्रमाणे सराव आणि सामने मिळून २०१७ मध्ये २८१ कन्कशन झाली, २०१८ मध्ये २१४. दुसऱ्या वर्षी नियम कडक झाले होते, तेव्हा घट खरी असू शकेल. मात्र नुसता आकडा पाहून हे ठरत नाही. तपासणी चोख झाली की आकडा आधी वाढतो, आणि तो वाढणे हे सुचिन्हही असते.

उलट टोकाचाही आकडा पाहा. २०१७ साली बोस्टनच्या संशोधकांनी लीगच्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० जणांत ‘सीटीई’ हा मेंदूविकार सापडला. पण ज्यांच्या वागण्यात बदल दिसला, त्यांच्याच घरचे मेंदुदानाला अधिक पुढे येतात. त्यामुळे शंभरातल्या नव्याण्णवांना हा विकार होतो, असा अर्थ काढू नये, हे खुद्द संशोधकांनीच बजावले.

म्हणजे आकडे फेकून द्यायचे का? मुळीच नाही. समितीचे अपुरेपण उघडे पडले, ते जाहीर याद्या चव्हाट्यावर होत्या म्हणूनच. एक दप्तर दुसऱ्यासमोर ठेवले, तेव्हा रिकाम्या जागा दिसल्या. त्या रिकाम्या जागांत माणसे होती. म्हणून कुठलाही आकडा समोर आला, की कोणी मोजले, कशासाठी मोजले आणि मोजायचे कोण राहिले, एवढे विचारावे. त्याला फुटबॉल कळण्याची गरज नाही.