विलीनीकरण : आधीचे कागद आणि नंतरचे कज्जे

विलीनीकरण हा शब्द मराठवाड्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादची निझामी राजवट संपली. १९५० साली निझामाचे स्वतंत्र टपालखाते भारताच्या टपालखात्यात मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीड जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आपल्या वाडवडिलांनी एकाच आयुष्यात राज्य, नाणे, टपालाचे तिकीट आणि कचेरीची भाषा अशा चार गोष्टी बदललेल्या पाहिल्या. पण त्या विलीनीकरणात जनता स्वतः उतरली होती. तिला ते हवे होते आणि त्यासाठी तिने तुरुंगही पाहिले.

आज तोच शब्द आपण वेगळ्या ठिकाणी ऐकतो. भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या दोन सरकारी दूरध्वनी कंपन्यांचे विलीनीकरण करावे, असे केंद्रीय मंत्रिमंडळाने २३ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्त्वतः ठरविले. तत्त्वतः म्हणजे काय, हे ज्याने मजुरीचा करार केला आहे त्याला पक्के ठाऊक असते. पुढे महानगरच्या कर्जाचा बोजा आडवा आला आणि विलीनीकरण लांबणीवर पडले. २०२५ च्या आरंभापासून महानगरचा कारभार करार करून भारत संचारकडे सोपविण्यात आला. मोबाइलचे काम त्याआधीच तिकडे गेले होते. म्हणजे कामे एक झाली, पण कर्जाच्या वह्या वेगळ्या राहिल्या.

हे योग्य की अयोग्य, याचा निकाल देण्याआधी आपण थोडा इतिहास पाहू. आम्ही कामगार चळवळीत वावरलेली माणसे. आमचा इतिहास ग्रंथालयापेक्षा नोटिसा, निवाडे आणि करारपत्रे यांतून शिकलेला आहे. तेव्हा श्रोत्यांनी तो त्याच नजरेने ऐकावा.

हिंदुस्थानात टेलिफोन आला तो खासगी कंपन्यांच्या हातून. १८८२ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास या शहरांत केंद्रे उघडली. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, सरकारने या तिन्ही शहरांची व्यवस्था आपल्या ताब्यात घेतली. हे पहिले मोठे एकत्रीकरण होय. त्यानंतर टपाल व तार खाते म्हणजेच टेलिफोन, असे चार दशके चालले. १९८५ साली त्या खात्याचे टपाल व दूरसंचार असे दोन भाग झाले. १९८६ साली मुंबई आणि दिल्ली ही दोन शहरे वेगळी काढून महानगर टेलिफोन निगम उभारण्यात आला. उरलेला सगळा देश, त्यात आपला बीड जिल्हाही, खात्याकडेच राहिला. त्या खात्याचाच १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम झाला. तात्पर्य, आज जे जोडायचे म्हणतात ते मुळात एकाच घराचे होते. शहरातील मिळकतीचा वाडा एका भावाकडे गेला आणि माळावरची लांबलचक जमीन दुसऱ्याकडे. आता वाडा कर्जात बुडाला, म्हणून दोघांनी पुन्हा एकत्र राहावे असे चालले आहे.

खासगी मोबाइल कंपन्यांची गोष्ट याहून वेगवान आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांच्याशी देशातला पहिला मोबाइल संवाद केला. त्याच काळात मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या कंपन्या आल्या, तर मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात बिर्लांची कंपनी आली. पुढे मॅक्स टचचे ऑरेंज झाले, ऑरेंजचे हच झाले, २००७ साली हच व्होडाफोनने घेतले. बिर्लांच्या कंपनीला २००२ साली आयडिया हे नाव मिळाले. मार्च २०१७ मध्ये या दोघींनी एक होण्याचे जाहीर केले आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी त्या एक झाल्या. त्या दिवशी ग्राहक ४० कोटींहून अधिक होते आणि ती देशातली सर्वांत मोठी दूरध्वनी कंपनी ठरली. पण मोठेपणा टिकला नाही. काही वर्षांतच ग्राहक जवळजवळ निम्म्यावर आले. थकलेल्या सरकारी देण्यांचे भागभांडवल होत होत एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. तेव्हापासून हिलाही सरकारी निगमाशी जोडावे काय, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून अधूनमधून निघते.

कंपन्या एक का होतात, हे समजून घेतले पाहिजे. नुसती शिवी देऊन भागत नाही. दूरध्वनीच्या धंद्यात खर्च आधी करावा लागतो आणि उत्पन्न मागून येते. मनोरा उभारा, त्याला वीज द्या, डिझेल द्या, ध्वनिलहरींचा परवाना लिलावात घ्या, हे सगळे पहिला ग्राहक येण्यापूर्वीच. एका डोंगरावर दोन कंपन्यांची दोन यंत्रे असतील तर खर्च दुप्पट, आणि बोलणारी माणसे मात्र तेवढीच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने जवळजवळ फुकट सेवा देऊन बाजारात पाऊल टाकले, तेव्हा हा दुप्पट खर्च कोणाला पेलवेना. म्हणून एकत्र येण्यात हिशेब आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु हिशेबात जी बचत दिसते ती कोणाच्या तरी घरातून येते. दोन यंत्रांपैकी एक काढले म्हणजे त्याची देखभाल करणारा माणूसही काढला जातो.

या माणसाचे काय होते, याचा पहिला धडा दूरध्वनीने दिला नाही. तो आपल्या शेजारच्या बार्शीच्या रेल्वेने दिला. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची खासगी कंपनी. १८९७ साली तिची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला धावली, पुढे पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज. नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. थोरल्या पंढरीला जाणाऱ्या कितीतरी वारकऱ्यांनी या छोट्या गाडीची वाट पाहिली असेल. १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ही रेल्वे ताब्यात घेण्याचे ठरले. कंपनीने नोव्हेंबर १९५३ मध्येच सगळ्या कामगारांना नोटीस लावली, की ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारी रेल्वेने कामावर घेतले. पण कंपनीत घातलेल्या वर्षांचे काय? ती वर्षे कोणाच्या खात्यावर जमा व्हायची?

कामगारांनी छाटणीची भरपाई मागितली. या खटल्याला कामगारांच्या बाजूने के. एन. जोगळेकर यांचे नाव आहे. मुंबई उच्च न्यायालयात कामगार जिंकले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी कामगार हरले. न्यायालयाचे म्हणणे असे, की छाटणी म्हणजे चालू धंद्यातील जादा माणसे काढणे. धंदाच बंद झाला किंवा मालकच बदलला तर ती छाटणी नव्हे, आणि छाटणी नाही म्हणून तिची भरपाईही नाही. शब्दाचा अर्थ बरोबर असेलही. पण त्या अर्थाने घरातली चूल विझली.

देशभरच्या कामगारांत खळबळ झाली. १९५७ साली संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली. मालकी बदलली तर कामगाराला छाटणीसारखी नोटीस व भरपाई मिळाली पाहिजे, म्हणजे प्रत्येक पुऱ्या वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार. ती टाळायची असेल तर नव्या मालकाने नोकरी अखंड धरली पाहिजे, अटी कमी करता कामा नयेत आणि जुन्या वर्षांची जबाबदारीही घेतली पाहिजे. हेच ते कलम २५ एफएफ. औद्योगिक संबंध संहितेतही, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ही तरतूद आहे. मात्र १९५७ ची दुरुस्ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, लागू झाली. बार्शीच्या कामगारांनी लढून जे झाड लावले त्याची सावली इतरांना मिळाली, त्यांना नाही.

दुसरा धडा दूरध्वनीच्या कामगारांनीच दिला. खात्याचा निगम होणार हे कळताच त्यांनी विचारले, आमचे पेन्शन कोण देणार? सप्टेंबर २००० मध्ये देशभर संप झाला. ३० सप्टेंबरला पेन्शनच्या नियमांत ३७-अ हा नियम आला आणि सरकारने जबाबदारी घेतली. निगम सुरू झाला १ ऑक्टोबरला. एक दिवस आधी! महानगर निगमाच्या कामगारांच्या पदरी असा कागद वेळेवर पडला नाही; त्यांना तशीच हमी मिळायला २०१४ साल उजाडले. एकाच खात्यातून निघालेली माणसे, एकच काम, आणि अंतर चौदा वर्षांचे. आधी लिहिलेला एक कागद नंतरच्या दहा कज्ज्यांहून भारी असतो, तो असा.

आता २०१९ कडे पाहू. त्या वर्षी फेब्रुवारीत भारत संचारचा पगार पहिल्यांदाच रखडला. ऑक्टोबरात विलीनीकरण तत्त्वतः ठरले, त्याच ठरावात पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती होती. ३१ जानेवारी २०२० रोजी दोन्ही निगमांतून मिळून सुमारे ९३,००० माणसे एका दिवसात घरी गेली. भारत संचारची माणसे निम्मी झाली, महानगरची चारांतील तीनांहून अधिक गेली. विलीनीकरण झाले नाही ते नाहीच; माणसे मात्र आधी गेली. स्वेच्छानिवृत्तीत पैसे मिळाले, पेन्शन राहिले, हे खरे आहे आणि ते कामगार संघटित होते म्हणूनच. पण पगाराची शाश्वती नसताना माणूस जी सही करतो, तिला ‘स्वेच्छा’ म्हणावे काय, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आणि ज्यांची नोंदच नाही त्यांचे काय? मनोऱ्याची राखण करणारा, तार ओढणारा, खड्डा खणणारा, हे आज बहुधा कंत्राटदाराचे असतात. कंपन्या एक झाल्या तर कायद्याच्या दृष्टीने त्यांचा मालक बदललेलाच नसतो. फक्त कंत्राट संपते. १९५६ साली बार्शीच्या कामगाराला शब्दाच्या अर्थाने बाहेर ठेवले, आज कंत्राटी कामगाराला तसेच बाहेर ठेवले जाते. १९५७ ची दुरुस्ती त्याच्यापर्यंत अजून पोचायची आहे.

ग्राहकाचेही थोडे बोलू. २०११ च्या जानेवारीपासून आपला क्रमांक घेऊन कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. २०१४ साली मुंबईतील लूप मोबाइलचा सौदा फिसकटला आणि परवान्याची मुदत संपून ती बंद पडली, तेव्हा हीच सोय लोकांच्या उपयोगी आली. पण क्रमांक घेऊन जायचे तर जायला दुसरे घर हवे. शहरात ते असते. माळावरच्या वस्तीत एकाच कंपनीचा आवाज पोचत असेल आणि तिने तो मनोरा तोट्याचा ठरविला, तर हक्क खिशात राहतो आणि फोन मुका होतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. कोणत्याही दोन दूरध्वनी कंपन्या, सरकारी असोत वा खासगी, एक व्हायच्या असतील तर खुशाल व्हाव्यात. पण चार गोष्टी आधी लिहून द्याव्यात. जुन्या नोकरीची वर्षे अखंड धरली जातील. पेन्शन व उपदान कोण देणार त्याचे नाव कागदावर येईल. कंत्राटी कामगाराला नव्या कंत्राटात पहिला हक्क राहील. आणि कोणत्या गावातील मनोरे काढणार, त्यांची यादी त्या गावांना आधी मिळेल. चारही गोष्टींना पैसा लागतो हे खरे. पण विलीनीकरणातून जी बचत होणार म्हणतात, तिच्यातला थोडा वाटा ज्यांच्यामुळे ती होते त्यांना द्यावा, एवढेच यात आहे.

हे मागायचे ते ठराव ‘तत्त्वतः’ आहे तोवरच. सही झाल्यावर मागणारा अर्जदार होतो. सहीच्या आधी मागणारा करारातला एक पक्ष असतो.